दोन ओळी सोडून

मानवतच्या बंद जिनिंगमध्ये
सिनेमावाल्यांनी पोलीस ठाणं उभं केलं.
पाटी निळी-तांबडी, अगदी तशीच,
फक्त गावाचं नाव खोटं.
रिटायर होऊन मला चार वर्षं झालेली.
रोज हजार, जेवण वेगळं,
काम एवढंच: चुकलं तर सांगायचं.

चुकलेलं सांगायचे पैसे मिळतात
हे नोकरीत कुणी बोललं नव्हतं.

पहिल्या दिवशी हिरोनं विचारलं,
काका, पैसे घेताना हात कसा धरायचा?
म्हणलं, हात कुठं येतो यात.
ड्रॉवर असतो. चार बोटं उघडा ठेवायचा
आणि उठून पाणी प्यायला जायचं.
माठाजवळ जरा रेंगाळायचं,
भिंतीवर हरवलेल्या माणसांचे फोटो असतात, ते बघायचे.
परत येऊन गुडघ्यानं ड्रॉवर लावायचा.
मोजायचं नाही. मोजतो तो नवा.

पोरगं हुशार.
माठ लगद्याचा, आत थेंब नाही,
तरी दुसऱ्या टेकला माझ्यापेक्षा बरं पाणी प्यालं.

मग डायरी. आर्टवाल्या पोरीनं
पान गच्च भरून आणलं, अक्षर मोत्यासारखं.
म्हणलं, बाई, अशी डायरी कोणत्याच ठाण्यात नसते.
मधी दोन ओळी सोड.
सव्वादोनची नोंद झाली की दोन ओळी कोऱ्या,
मग एकदम चार दहा: गस्त परत, सर्वत्र शांतता.
तिनं विचारलं, त्या ओळींत काय येतं?
म्हणलं, सकाळी साहेब उठल्यावर जे ठरंल ते.

सात टिपर जायचे त्या दोन ओळींतून
दिवे बंद करून, गंगेची ओली वाळू गाळत.
डांबरावर उजाडेपर्यंत पाण्याची रेघ राहायची
आणि ती कुणाच्याच हद्दीत नसायची.

तिसऱ्या दिवशी गर्दीचा सीन.
खेड्यांतून बाया आणलेल्या, तीनशे रुपये आणि वडापाव.
दिग्दर्शकाला ठाण्याच्या पायरीवर
एक म्हातारी पाहिजे होती.
त्यानं बोट केलं ते नेमकं सोजरबाईकडं.

मी माठाकडं बघत राहिलो.

तिला सांगितलं, मावशी, तुमचं पोरगं टिपरखाली गेलंय,
आत कुणी ऐकून घेईना, आता रडा.
ती बसली. चपला काढून कडेला ठेवल्या,
तोंडं बाहेरच्या बाजूला,
बारा वर्षांपूर्वी ठेवल्या होत्या तशाच.
रडली नाही.
ग्लिसरीन आणलं. डोळे लाल झाले, गाल भिजले,
पण ते रडणं नव्हं
हे लाइट धरलेल्या पोरालासुद्धा कळालं.

दिग्दर्शक माझ्याकडं वळला,
काका, खरं कसं असतं ते सांगा ना यांना.

सोजरबाईनं मान वर केली.
ओळख तिला पहिल्या दिवशीच पटली असणार.
म्हणली, त्यायला काय इचारता,
ते तवा लिहीत व्हते खाली मान घालून.
मी रडले का न्हाई, त्यायनं बघितलंच कुठं.

हे ठेवा, हेच ठेवा, दिग्दर्शक ओरडला,
आणि तेच वाक्य तिच्याकडून
वेगवेगळ्या बाजूंनी पाच वेळा घेतलं.
चौथ्यांदा विमान गेलं म्हणून वाया.

त्या रात्री पाकीट खिशात असताना
मी जिनिंगमध्ये परत गेलो. वॉचमन ओळखीचा.
डायरी उघडली, माझंच जुनं बॉलपेन,
आणि सोडलेल्या जागेत लिहिलं:
दोन चाळीस. मयत मुंजाजी, वय एकोणीस, सायकलसह.
विनानंबर टिपर. चालक माहीत आहे.
आई ठाण्यात हजर.
तीन ओळी झाल्या, शेवटची दाटीवाटीनं बसवावी लागली.
सही केली. बक्कल नंबर टाकला.

सकाळी आर्टवाली पोरगी कावलेली.
कुणी भरल्या ह्या ओळी? कंटिन्युइटी गेली सगळी.
पान फाडलं, नवं लावलं.
आता परत दोन ओळी कोऱ्या आहेत,
मी शिकवल्या तशा, पट्टीनं मापून.